मंडईच्या आधीचा रिपोर्ट

साकोलीच्या लॅबमध्ये स्वाती रोज पन्नास माणसांचं रक्त तपासायची, आणि कुणाचा आकडा वाढलेला दिसला की त्याला असं फैलावर घ्यायची की माणूस सरळ डॉक्टरकडे पळायचा. लोकांना ब्रह्मज्ञान सांगायला काय लागतं! स्वतःच्या बापाची पाळी आली तेव्हा मात्र बाईसाहेबांची जीभ टाळ्याला चिकटली.

बाप म्हणजे आंधळगावचे चंद्रभान कोष्टी. सारा जन्म कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणण्यात गेला. सहा महिन्यांपूर्वी नागपुरात त्यांच्या हृदयाच्या नळीत स्टेंट बसवला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, "सीआरपीची रक्ततपासणी करत राहा. शरीरात आत सूज असली की हा आकडा वाढतो, आणि अशा माणसाची नळी पुन्हा अरुंद व्हायची भीती जास्त. वाढला तर लगेच घेऊन या."

दिवाळीनंतर स्वातीनं बाबांचं रक्त काढलं. तीनच्या आत हवा तो आकडा अकरा आला. तिनं पुन्हा तपासलं. पुन्हा अकराच.

आणि चार दिवसांवर आंधळगावची मंडई, दिवाळीनंतरची गावजत्रा! त्या दिवशी गावात घरोघर पाहुणे, आणि झाडीपट्टीतल्या कितीतरी सोयरिकी त्या पाहुणचारातच ठरतात. धाकट्या बहिणीला, मोनिकाला, पाहायला तुमसरचे लोक येणार होते. आधीची दोन स्थळं मोडलेली. बापच दवाखान्यात पडला तर ते कशाला येतात? शिवाय बाबांच्या टाचेत काटा मोडला होता, पाय ठणकत होता. त्याचीच सूज असेल, असं स्वातीनं मनाला पटवलं. मनाचं काय, त्याला हवं ते पटतं! रिपोर्ट ड्रॉवरमध्ये गेला.

"ठीक आहे बाबा," ती म्हणाली.

मंडई झाली. चंद्रभान दिवसभर पाहुण्यांमागं धावले आणि मोनिकाची सोयरिक जमली. मंडईनंतर पाचव्या दिवशी मागावर बसल्या बसल्या त्यांच्या छातीत कळ आली.

नागपुरात अँजिओग्राफी झाली. स्टेंटच्या आतच नळी ऐंशी टक्के अरुंद झालेली. वॉर्डात येईल त्याला चंद्रभान सांगत, "माही पोरगी लॅबमंदी आहे. तिनं तपासलं होतं, रक्त एकदम साफ होतं." ते ऐकलं की स्वातीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

डॉक्टरांनी जुना रिपोर्ट मागितला. तिनं तो मुकाट्यानं दिला. तारीख वाचून ते चंद्रभानांवरच भडकले, "अकरा होता! तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

चंद्रभानांनी एकदा पोरीकडं पाहिलं. "सांगतलं होतं जी तिनं. मीच आलो नाही. मंडई होती ना."

"मंडई जिवापेक्षा मोठी?" डॉक्टरांनी सगळ्या वॉर्डादेखत त्यांना झाडलं. साठी ओलांडलेला माणूस मान खाली घालून ऐकत राहिला. स्वातीला ते बघवेना.

"त्यायले काहून बोलता, डॉक्टर? मी सांगतलंच नाही. ठीक आहे म्हटलं मी."

डॉक्टर तिच्याकडे वळले. "आधी आणलं असतं तर हे टळलंच असतं, असं मी छातीठोक सांगणार नाही," ते म्हणाले. "पण बघता तरी आलं असतं." आणि ते पुढच्या खाटेकडे गेले.



"मले वाटलं, पाहण्यात चूक झाली असंन तुह्या हातून," चंद्रभान म्हणाले. "म्हून मीच आलो नाही म्हटलं. चूक कोणाच्याही हातून होते, बाई." मग त्यांनी तिच्याकडं नीट पाहिलं. "तुले मालूम होतं?"

"हो, बाबा," स्वाती म्हणाली. "मालूम होतं."