केशरबाईंच्या चाली

तातेरावांना दुरुस्त करता येत नाही अशी वस्तू बदनापुरात नव्हती, निदान त्यांची स्वतःची तरी तशी समजूत होती. कृषी संशोधन केंद्रात तुरीच्या आणि मुगाच्या प्लॉटवर हयात गेली. तिथं पंप बिघडला, वजनकाटा अडला की साहेब लोक आधी त्यांनाच हाक मारायचे. निवृत्त झाल्यावर कॉलनीनं ती सवय पुढं चालवली. मिक्सर, इन्व्हर्टर, कुणाचा मोबाईल, काहीही असो, तातेराव चष्मा कपाळावर चढवून बसायचे आणि समोरच्याला म्हणायचे, "तू फक्त बघत राह्य."

बायको दैवशाला. तिचा गळा गोड होता म्हणतात. माहेरी असताना गावातल्या कुठल्याही हळदीला तिच्याशिवाय सुरुवात व्हायची नाही. सासरी आल्यावर सासूबाईंना बाईचा आवाज ओसरीपर्यंत गेलेला खपायचा नाही. गाऊ नको असं कुणी तोंडानं म्हटलं नाही, पण गाणं बंद झालं ते झालंच. पुढं सासूबाई गेल्या, पोरगा पप्पू पुण्याला नोकरीला लागला, आणि एकदा अंबडला एका नातेवाईकाकडं भजनाला गेलेली असताना तिनं केशरबाईंना ऐकलं.

केशरबाई सत्तरी ओलांडलेल्या होत्या. गवळणींच्या त्यांच्या चाली त्यांच्या आईकडून आलेल्या. आईला तिच्या आईकडून. कुठं लिहिलेल्या नव्हत्या, दुसऱ्या कुणाच्या तोंडी नव्हत्या. दैवशाला दर गुरुवारी जालन्यात गाडी बदलून अंबडला जाऊ लागली. केशरबाई एक ओळ म्हणायच्या, थांबायच्या, "आता तू" म्हणायच्या. दैवशाला मोबाईल मांडीवर ठेवून दोघींचं गाणं त्यात भरून घ्यायची. घरी आली की कानात वायर घालून भाकरी थापता थापता तेच ऐकायची आणि हलक्या आवाजात मागं मागं म्हणायची. तातेरावांना त्यातलं फक्त तिचं गुणगुणणं ऐकू यायचं. बातम्या चालू असल्या की ते टीव्हीचा आवाज वाढवायचे. मग ती मागच्या दारी कपडे धुवायच्या दगडावर जाऊन बसायची.

असं होता होता तिचा मोबाईल भरला. काही करायला गेलं की पडद्यावर एकच सूचना, जागा शिल्लक नाही. त्यात भावाच्या पोरीचं लग्न तोंडावर आलेलं आणि तिला शूटिंग करायचं होतं. पप्पूनं पुण्याहून एक हार्ड डिस्क आणि एक हब पाठवला. हब म्हणजे काडेपेटीएवढी चपटी डबी. तिची वायर मोबाईलला लावायची. बाकीच्या खाचांत डिस्क, पेनड्राइव्ह, चार्जर काय हवं ते.

फोनवर पप्पूनं बजावलं, "बाबा, हबला चार्जर लावायचा बरं का. मोबाईलच्या एकट्याच्या जिवावर डिस्क चालत न्हाई. आधी कॉपी करा, डिस्कमधी उघडून बघा, आन मंगच मोबाईलमधून उडवा."

"मला शिकवून राह्यला का?" तातेराव हसत म्हणाले. "तुझा जन्म व्हायच्या आधीपासून वायरी जोडून राह्यलो मी."

सकाळचा चहा झाल्यावर ते टेबलाशी बसले. मोबाईल, हब, डिस्क जोडली. डिस्कचा निळा दिवा लागला. चार्जर आतल्या खोलीत होता. दिवा लागलाय म्हणजे चालतंय, असं म्हणून ते उठले नाहीत. दैवशालानं भरलेल्या सगळ्या फायली निवडल्या. खाली दोन शब्द आले, कॉपी करा आणि हलवा. आधी कॉपी, मग तपासा, मग उडवा, एका कामाला तीन खेपा कशाला? त्यांनी ‘हलवा’ दाबलं.

हिरवी पट्टी सरकू लागली. मध्येच डिस्कमधून टकटक असा बारीक आवाज यायचा, दिवा विझायचा, परत लागायचा. पट्टी शेवटाला आली असेल-नसेल, तेवढ्यात फाटकातून हाक आली. कॉलनीच्या टाकीची मोटर चालू होईना, बायका हंडे घेऊन उभ्या होत्या आणि सगळ्यांना तातेराव हवे होते.

"झालं का हो?" स्वयंपाकघरातून दैवशालानं विचारलं.

"झालंच की."

मोबाईलचा पडदा तोवर काळा झाला होता. त्यांनी वायर ओढून काढली. डिस्क हातात घेतली तेव्हा ती आतून थरथरत होती. नंतर कितीतरी दिवस त्यांना ती थरथर तळहातावर जाणवायची.

मोटर चालू करून, लोकांचं कौतुक ऐकून ते परत आले आणि डिस्क पुन्हा जोडली. पडद्यावर आलं की ड्राइव्ह खराब झाली आहे, फॉरमॅट करायची का? फॉरमॅट म्हणजे नीट लावून घेणं, असं त्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी हो म्हटलं. डिस्क उघडली. आत काहीच नव्हतं. मग मोबाईल बघितला. तिथंही नव्हतं.

पदराला हात पुसत दैवशाला बाहेर आली. "निघालं का समदं त्याच्यात?"

त्या एका क्षणाचा विचार तातेरावांनी पुढं फार वेळा केला. खरं सांगायचं त्यांच्या मनात नव्हतं असं नाही. पण तिचा चेहरा इतका निश्चिंत होता, आणि दारात अजून शेजारचे लोक उभे होते.

"बिलकुल," ते म्हणाले. "समदं बराबर हाये."

"बरं झालं बाई. आता लग्नाचं शूटिंग घेता येईल."

संध्याकाळी सांगू, असं त्यांनी ठरवलं. संध्याकाळी पाहुणे आले. मग वाटलं, आधी आपणच काढून बघू आणि परत आणूनच सांगू. मोबाईलवर चार-दोन ॲप टाकून पाहिली. जाहिरातींशिवाय काही हाती लागलं नाही. पप्पूला विचारावं तर तो म्हणणार, चार्जर लावला होता का? विचारलं नाही.

लग्न झालं. दैवशालानं हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं घेतलं. घरी आल्यावर म्हणाली, "हे बी टाका त्या डिस्कात." तातेरावांना एका अर्थी हायसंच वाटलं, कारण रिकामी डिस्क उद्या तिनं हातात घेतली तर? त्यांनी लग्न टाकलं. तेवढ्यानंही ती रिकामीच वाटली, म्हणून पप्पूच्या जुन्या लॅपटॉपमधले सिनेमे टाकले, केंद्राच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ टाकले. या वेळी चार्जर लावला, कॉपी केलं, उघडून तपासलं. डिस्क गच्च भरली.

दैवशाला गुरुवारी अंबडला जातच होती. नव्या चाली मोबाईलमध्ये भरायची आणि त्याच ऐकायची, डिस्क मागायची वेळ आली नव्हती. एकदा परत आली ती खुशीत होती. चप्पल काढता काढता बोलू लागली.

"आज बाई सोताहून म्हणल्या, पहिल्या सालच्या चाली विसरल्या असशील, पुन्यांदा सांगते. मी म्हणलं, नका बाई, गळा दुखवू नका. माझ्याजवळ समद्या हायेत, डिस्कात घालून ठेवल्यात आमच्या मालकानं. लई खूश झाल्या. म्हणल्या, माझ्या मागं ऱ्हातील मंग."

तातेरावांच्या हातात रिमोट होता. वाक्य जिभेवर आलं होतं: अगं, पुढल्या गुरुवारी घे त्या परत म्हणवून. एवढंच म्हणायचं होतं. कारणही सांगायची गरज नव्हती, काहीतरी थाप मारूनसुद्धा चाललं असतं. त्यांनी नुसतं "हं" केलं. ती आत गेली.

पुढचा गुरुवार यायच्या आत अंबडहून फोन आला. केशरबाईंना अर्धांगाचा झटका आला होता. जालन्याच्या दवाखान्यात ठेवलं, जीव वाचला. उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली.

दैवशाला बघून आली आणि हातपाय धुऊन तातेरावांसमोर बसली. मग म्हणाली, "ओळखलं मला. बोलाया बघत होत्या, तोंडातून नुसता घरघर आवाज. अहो, ती डिस्क लावा जरा. पहिल्या सालचा त्यांचा आवाज ऐकू द्या मला."

तातेराव उठले नाहीत.

"लावता ना?"

"त्याच्यात न्हाई ते," ते म्हणाले.

"मंग कशात हाये?"

"कशातच न्हाई. गेलं समदं."

तिनं विचारलं, "कधी?"

"ज्या दिवशी वायर लावली त्याच दिवशी. माझ्या हातून."

"म्हंजी लग्नाच्या आधी." तिनं मनातल्या मनात मागं जाऊन काहीतरी जुळवलं. तातेरावांना ते चेहऱ्यावर दिसलं. "आन बाई पुन्यांदा सांगते म्हणल्या, ते त्याच्या नंतर."

"हो."

"मी येऊन सांगितलं तुमाला ते."

"हो."

ती चिडली असती, भांडी आपटली असती तर तातेरावांना बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "फायली गेल्या त्याचं काय न्हाई हो. माझ्या हातूनबी गेल्या असत्या. तुमी मला सांगितलं का न्हाई?" आणि उत्तराची वाट न बघता आत जाऊन तिनं कणीक मळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी तातेराव डिस्क आणि मोबाईल घेऊन जालन्याला गेले. तिथं प्रियदर्शनी नावाची एक मुलगी गेलेल्या फायली काढून द्यायचं दुकान चालवत होती. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, डिस्क जोडली आणि ठेवून जायला सांगितलं. तातेराव परत गेले तेव्हा तिनं त्यांना खुर्ची दिली.

"काका, मोबाईलमधलं तर उडवल्यावर मिळतच नाही. पण डिस्कमधलं फॉरमॅटनंतरही बरंचसं निघालं असतं. त्याच्यावर नंतर भरपूर काही भरलंय ना, त्यानं खालचं पुसलं गेलं. हे सगळं एवढं भरायची घाई होती का?"

तातेरावांनी कपाळावरचा चष्मा काढला आणि पुसत बसले.

"काही तुकडे निघालेत. ऐकता का?"

तिनं स्पीकर लावला. केशरबाईंचा आवाज आला, अर्धी ओळ, आणि तुटला. मग खरखर. मग कुणीतरी खोकलं. मग एक बाई गाऊ लागली. भरदार, जरा कंप असलेला, पण वरच्या सुरावर न कचरता जाऊन थांबणारा आवाज. तातेरावांना वाटलं, ही केशरबाईंची दुसरी कुणी शिष्या असेल.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

प्रियदर्शनीनं त्यांच्याकडं नवलानं पाहिलं. "तुम्हीच सांगितलं ना, तुमच्या मिसेसचं गाणं आहे म्हणून?"

तुकडा तुटला. तातेरावांनी तो परत लावायला सांगितला, आणि परत. बाहेर रस्त्यावर एमआयडीसीकडं जाणारे टेम्पो धडधडत होते. त्यांनी कान स्पीकरजवळ नेला. एवढी वर्षं एका घरात काढून हा आवाज ते पहिल्यांदा ऐकत होते, आणि तोही पुरा नव्हता.

ते तुकडे त्यांनी पेनड्राइव्हमध्ये आणून दैवशालाला दिले. तिनं "ठेवा तिथं" म्हटलं. ऐकले की नाही, ते त्यांना कळलं नाही. घरात गुणगुणणं मात्र बंद झालं. संध्याकाळी बातम्या लावल्या की बारीक आवाजातही त्या स्वच्छ ऐकू यायच्या. तातेराव मधूनच टीव्ही बंद करून बसायचे. तरी काही ऐकू यायचं नाही.

पुढच्या गुरुवारी ती पिशवी घेऊन निघाली तेव्हा तातेराव म्हणाले, "मी येऊ का?" ती नको म्हणाली नाही.

केशरबाई खाटेवर उशीला टेकून होत्या. दैवशाला खाली बसली आणि आठवतील तशा एकेक चाली म्हणू लागली. चूक झाली की केशरबाई डावा हात उचलायच्या. दैवशाला मागं जायची, दुसऱ्या वळणानं म्हणायची. बरोबर आलं की हात खाली जायचा. तातेराव उंबऱ्यापाशी मोबाईल धरून बसले. अशा गुरुवारांमागून गुरुवार जात काही चाली सापडल्या, बऱ्यापैकी जशाच्या तशा. तातेरावांनी त्या तीन ठिकाणी उतरवून ठेवल्या.

पण काही सापडल्या नाहीत. एका चालीत दैवशाला दुसऱ्या कडव्यात अडायची. ती एक वळण घ्यायची, हात वर. दुसरं घ्यायची, हात वर. तिसरं. हात वरच. केशरबाईंना ठाऊक होतं, सगळं आत होतं. त्यांनी मान ताणली, ओठ हलवले, आणि घशातून जो आवाज निघाला त्याला सूर म्हणता येत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. दैवशालानं ते पदरानं पुसलं आणि दुसरी चाल सुरू केली.

परतीच्या एसटीत दैवशाला खिडकीशी बसली होती. जालन्याच्या अलीकडं गाडी रिकामी झाली तेव्हा तातेराव म्हणाले, "मी त्या दिवशी सांगितलं असतं, तर ही चाल ऱ्हायली असती."

तिनं त्यांच्याकडं पाहिलं. रागानं नाही. खोटं बोलून त्यांची समजूत काढावी का, याचा जणू तिनं थोडा विचार केला.

"हो," ती म्हणाली. "ऱ्हायली असती."

मग तिनं मांडीवरची पिशवी नीट धरली आणि परत बाहेर बघू लागली.