न वाचता मंजूर

संगमेशशी माझं भांडण दहा वर्षं जुनं. नांदेडला इंजिनिअरिंगला आम्ही एकाच बाकावर होतो. पुढं तो उदगीरला राहिला, मी लातूरला, आणि दोघांनीही नोकरी सांभाळून एकेक सॉफ्टवेअर लिहून लोकांसाठी फुकट, खुलं सोडलं. त्याच्यात कामाची आकृती काढायची, चौकोन आणि बाण. माझं अशा आकृतीवरून मोबाइलचं ॲप तयार करून द्यायचं. दोन्ही जोडा म्हणून लोक मागं लागले होते. पण 'फोन उचलला नाही तर' अशी अट तो बाणावरच लिहायचा, माझ्याकडं अटीला वेगळा चौकोन लागायचा. त्यामुळं माझं सॉफ्टवेअर त्याची फाइल धुडकावून लावायचं आणि त्याचं तर मला फाइल द्यायलाच नकार द्यायचं. बदलायचं कुणी? त्यानं, असं मी म्हणायचो. तो काय म्हणायचा ते सांगायला नको.

मुखेडच्या वर्षाराणीनं आमची ही खोड मोडली. ती तालुक्यात साप चावलेल्यांना दवाखान्यात पोचवायचं काम बघते. निरोप आला की जवळच्या जीपवाल्याला फोन, त्यानं नाही उचलला तर दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. तिची आकृती संगमेशच्या सॉफ्टवेअरात होती आणि ॲप माझ्याकडून हवं होतं. दोघांच्याही दारात येऊन तिनं एकच सांगितलं, की सोयाबीनच्या काढणीआधी हे झालं पाहिजे.

मी उदगीरला गेलो. संगमेशच्या आईनं, दानम्माकाकूंनी, दोघांना शेजारी बसवून जेवायला वाढलं. खरं सांगतो, मला भरून आलं. चार दिवसांत आम्ही जोडणी लिहिली. अशा कामात रीत असते, एकानं केलेला बदल दुसऱ्यानं ओळ न् ओळ वाचायचा आणि मगच मंजूर करायचा. न कळणारं काही आलं तर तिथंच थांबायचं, ही माझ्या सॉफ्टवेअरमधली तपासणी मी काढून टाकली. मित्राच्या फाइलवर पहारा कशाला? त्याचा बदल आला तो मी न वाचताच मंजूर केला. माझाही त्यानं दोन मिनिटांत केला. चाचणीला पहिल्याच जीपवाल्यानं फोन उचलला आणि आम्ही पेढे खाल्ले.

दसऱ्याच्या आधी, भर दुपारी, सोयाबीन कापताना गुणाबाईंना नाग चावला. पहिला जीपवाला गुंडप्पा बाजारात होता, फोन पिशवीत. ॲपनं त्याला एकदा फोन लावला आणि गप्प बसलं. घरच्यांनी बराच वेळ जीपची वाट पाहिली, शेवटी एसटीत बसवलं. नांदेड यायच्या आत त्या गेल्या.

मी फाइल उघडली. अट लिहिलेले सगळे बाण वाटेतच गळाले होते. माझ्या सॉफ्टवेअरनं ओरडायला हवं होतं, ते मी मुकं केलं होतं. त्याच्या सॉफ्टवेअरनं ओरडायला हवं होतं, तर त्यानंही त्याची तपासणी त्याच आठवड्यात काढली होती, माझ्या भरवशावर. त्या बदलाखाली मंजुरी माझी आहे. कुणीही उघडून बघावं, नाव दिसतं.

मी संगमेशला फोन केला.

"मी तुझं वाचलं न्हाई," तो म्हणाला. "तुला वाईट वाटंल म्हणून."

मीही तेच केलं होतं. दहा वर्षं एकमेकांना वाईट वाटेल याची आम्ही कधी फिकीर केली नव्हती.

वर्षाराणी म्हणाली, गुणाबाईंच्या घरी तुम्हीच सांगा. आम्ही दोघं गेलो. गुणाबाईंचे मालक रामलिंग अंगणात बसले होते. बाण, चौकोन, तपासणी, जमेल तसं सगळं सांगितलं. मध्येच त्यांनी चहासुद्धा मागवला. आमचं संपल्यावर त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग संगमेशकडं.

"एकाची नजर चुकती, ते समजलं," ते म्हणाले. "पण तुम्ही तर दोघं होते की."