अठरा मीटर खाली, हवा संपली तेव्हा

दातांची डॉक्टर आठवडाभर पेशंटना सांगायची, "नाकानं श्वास घ्या," आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः तोंडानं श्वास घेत समुद्राचा तळ धुंडाळायची. हे वेड तिला लावलं तिच्या नणंदेनं, ताईंनी. नणंद बस चालवायची, वयानं सहा वर्षांनी मोठी आणि पाण्यात उतरली की मासोळीच!

त्या दिवशी दोघी अठरा मीटर खोल, एका बुडालेल्या होडीपाशी होत्या. फळ्यांमधून पिवळ्याधमक माशांचा थवा भसकन बाहेर आला. डॉक्टर हरखून गेली. पुढचा श्वास जड आला. त्याच्या पुढचा आलाच नाही.

तिनं हवेचा मीटर पाहिला. काटा शंभरावर, म्हणजे निम्मी टाकी शिल्लक. दहा मिनिटांपूर्वीही तो तिथंच होता! मेला अडकला होता, आणि ती त्याच्यावर विसंबून बसली होती.

डोक्यावर उजेड दिसत होता, पाय तिकडे झेपावू पाहत होते. पण श्वास कोंडून असं सुसाट वर जाणं म्हणजे फुप्फुसं फाडून घेणं, हे ताईंनी तिच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं. आणि ताई? पाच-सहा हातांवर, पाठमोऱ्या, एका खेकड्यात गुंग!

बारीक बुडबुडे सोडत ती ताईंकडे सुटली. छातीत भट्टी पेटली होती. हाताला ताईंचं पाऊल लागलं, तसं तिनं ते हिसडलं. ताई वळल्या. तिनं गळ्यावरून आडवा तळवा फिरवला: हवा संपली.

ताईंचे डोळे विस्फारले, हात मात्र अडखळले नाहीत. त्यांनी आपली जादाची पिवळी नळी तिच्या तोंडात दिली, बटण दाबलं. फस्स! हवा! कोरडी, रबराच्या वासाची, पण काय गोड हवा!

ताईंनी तिचा पट्टा घट्ट धरला, वर जायची खूण म्हणून अंगठा वर केला. दोघी सावकाश निघाल्या. रक्तात साठलेला नायट्रोजन निघून जावा म्हणून पाच मीटरवर तीन मिनिटं थांबल्या. तेवढ्यात डॉक्टरला हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना.

वर येताच तिनं तरंगायचं जॅकेट तोंडानं फुगवलं. टाकीत हवा होती कुठं!

"अगं, केवढ्यानं ओढलास पाय! मला वाटलं, कुणी तंगडीच तोडतंय."

"ताई, मी जिवंत आहे!"

"दिसतंय गं. ओरडतेस काय!" ताईंचा आवाज मात्र कापत होता. त्यांनी तिला पाण्यातच मिठी मारली. दोघींचे मास्क खाडकन एकमेकांवर आपटले.

"काय झालं?" त्यांना घेऊन आलेल्या नावाड्यानं बोटीतून विचारलं.

दोघी एकदमच सांगायला लागल्या. बिचाऱ्याला एक अक्षर कळलं नाही.