अण्णांच्या वेलीचे अश्रू

सकाळी सातच्या आत आमच्या जिन्यावर चपलांचा खच पडलेला असायचा. वर बैठकीच्या खोलीत, घट्ट बंद केलेल्या खिडकीपाशी, हुकाला टांगलेली अण्णांची वेल रडत होती. पानापानाच्या टोकाला टपोरा थेंब. तो खालच्या वाटीत पडला की गर्दीतून 'अरेरे' उठायचं आणि कुणीतरी बोट बुडवून डोळ्यांना लावायचं.

अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांना जाऊन महिना झाला होता. वेल त्यांनी कुठूनशी फांदी आणून वाढवली होती आणि तिचं नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यात तिला पानं दोन तऱ्हेची : काही बाणाच्या टोकासारखी, काही पंजासारखी फाटलेली. एवढं भांडवल गल्लीत नव्याने उगवलेल्या एका महाराजांना पुरेसं होतं.

"ही वनस्पती जगातल्या कुठल्याच पुस्तकात नाही," ते डोळे मिटून सांगत होते. "बाणासारखं पान देहाचं, पंजासारखं आत्म्याचं. आत्मा अडकलाय! खिडकी उघडलीत तर भरकटेल. अश्रू थांबेपर्यंत बाईंनी अन्न वर्ज्य करावं."

हे महाराज परवापरवापर्यंत गाद्या विकायचे. गादीची हमी तरी ते लेखी देत.

बाई म्हणजे माझी आई. तिला मधुमेह. गोळ्या चालू आणि जेवण बंद, त्यामुळे ती न्हाणीघरात चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठे मी माझ्या गावाहून धावत आले. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, तू विज्ञान शिकवतेस हे ठीक आहे, पण डोळ्यांना दिसतंय ते खोटं कसं म्हणायचं?"

मला त्याच्यावर डाफरायलाही तोंड नव्हतं. त्याने फोनवर सांगितलं तेव्हा मीच 'दव असेल रे' म्हणून विषय उडवला होता. बंद खोलीत दव कुठून येणार, एवढासुद्धा विचार केला नव्हता. आई उपाशी होती आणि मी शाळेत पेपर तपासत बसले होते.

गर्दी पांगल्यावर मी एक पान तोडलं. देठातून पांढरा चीक आला. वनस्पतींचं पुस्तक काढून चित्रं पडताळत गेले आणि वेल सापडली : सिंगोनियम. कोवळेपणी पानं बाणासारखी, वेल जुनी झाली की नवी पानं फाटलेली येतात. रोपवाटिकेत तर तिच्या कुंड्या रांगेने टांगल्या होत्या! एक घरी आणली, अण्णांच्या वेलीशेजारी टांगली आणि माती चिंब होईपर्यंत पाणी घातलं.

सकाळी दोन्ही वेली रडत होत्या.

महाराज क्षणभर गडबडले. मग हात उंचावून म्हणाले, "दुसरा आत्मा आला! या घरातलं आणखी कोण गेलंय?"

"ही कुंडी मी काल विकत आणली," मी म्हटलं. "रोपवाटिकेचा मालक ठणठणीत आहे. फोन लावू?"

कुणीतरी फिसकन हसलं. मी सांगितलं, माती चिंब असली की मुळं रात्रभर पाणी वर ढकलतात. खोली बंद आणि दमट असेल तर पानांतून त्याची वाफ होत नाही, मग ते टोकांतून थेंबाथेंबाने बाहेर पडतं. खिडकी उघडा, पाणी कमी करा, रडणं थांबेल. महाराजांना तेवढ्यात महत्त्वाचं काम आठवलं.

"पण ताई, अण्णांच्या वेलीला इतकं पाणी घालतं कोण?" भावाने विचारलं.

आई भिंतीला टेकून बसली होती. "मीच. रोज झोपायच्या आधी तांब्या तांब्या घालते."

"कशासाठी गं?"

"शेवटी शेवटी ते अंथरुणातून म्हणायचे, वेलीला पाणी घाल. एकदा मी ओरडले, 'तुमचं करू, की तुमच्या झाडाचं करू?' पुन्हा कधी म्हणाले नाहीत." तिने वेलीकडे पाहिलं. "मग थेंब दिसले. वाटलं, अजून रडतायत. म्हणून आणखी घालत गेले."

तिने माझ्याकडे बघितलं. "म्हणजे ते रडत नव्हते?"

"नाही, आई."

"मग आता मला माफ कोण करणार?"

मी खिडकी उघडली आणि तिच्यासमोर ताट ठेवलं. "माफ करायला अण्णा नाहीत," मी म्हटलं. "पण तुला उपाशी ठेवणारेही ते नव्हते. जेव."

ती रडत रडत जेवली.

ज्याच्या मनाला टोचणी लागलेली असते त्याला फसवायला फार हुशारी लागत नाही. तो आपली शिक्षा शोधतच असतो, कुणीतरी ती सांगायचा अवकाश. तेव्हा कुणाच्या घरी झाड रडू लागलं, तर हात जोडण्याआधी कुंडीतली माती चाचपून बघा. आणि त्या घरातलं माणूस जेवलंय का, तेही विचारा. मी ते विचारलं नव्हतं.