एका वेळी एकच काडतूस

मी काडतुसं भरायचा प्रेस बोलतोय. नाव ऐकून दचकू नका. माझ्या पोटात ना दारू असते ना गोळी. बिडाचा एक जाड ठोकळा, त्यातून वरखाली सरकणारा दांडा आणि ओढायला लांब मूठ, एवढाच मी. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी मी दाबून पुन्हा आकारात आणतो. मग तिच्यात ठिणगी पाडणारी नवी टोपी, मोजून घेतलेली दारू आणि वर नवी गोळी बसते. एका वेळी एकच पुंगळी. घाई मला जमत नाही.

ओतशाळेतून निघालो त्याला चाळीसेक वर्षं झाली असतील. माझा पहिला मालक ग्रॅहम, न्यूझीलंडमधल्या कॅन्टरबरीच्या डोंगरात हरणांच्या शिकारीला जाणारा. पुढे संधिवाताने त्याची बोटं आखडली आणि मी सहा वर्षं गोणपाटाखाली पडून राहिलो. तरी दर हिवाळ्यात तो येऊन माझ्या दांड्याला तेल लावून जायचा. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

शेवटी त्याने नेमबाजी क्लबच्या फळ्यावर चिठ्ठी लावली आणि ऋग्वेदा मला बघायला आली. ती मूळची सांगलीची. क्राइस्टचर्चला शिकायला आली आणि इथलीच झाली. दूध तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी, रिकार्टन उपनगरात भाड्याचं घर. तीनशे मीटरवर नेम धरण्यात क्लबमध्ये तिची बरोबरी करणारे दोन-तीनच. पण तयार काडतुसं इतकी महागली होती की तिचा सराव निम्म्यावर आला होता, आणि साउथ आयलंडच्या संघाची निवड चाचणी तीन महिन्यांवर होती.

बरोबर तिचे वडील होते, मोरेश्वर. लेकीकडे सहा महिने राहायला आलेले. सगळी नोकरी पंपाचे सुटे भाग तपासण्यात गेलेली. दारातूनच त्यांचं सुरू होतं.

"घरात दारू आणणार तू?"

"बंदुकीची, बाबा!"

"मी तेच म्हणतोय."

"परवाना आहे माझ्याकडे. कुलपात ठेवणार सगळं."

ग्रॅहमने "किया ओरा" असा माओरी नमस्कार करत दोघांना आत घेतलं. ऋग्वेदाने त्याला फोनवर एक फोटो दाखवला. "दुकानात हे ऑटोमॅटिक यंत्र पाहिलंय. तासाला चारशे भरतं. साठवलेलं सगळं जाईल, पण वेळ वाचेल."

"तासाला चारशे चुका करायच्यात का तुला?" ग्रॅहम हसला. "शिकणाऱ्याला हळू चालणारंच हवं. प्रेस जुना चालतो. दारू तोलायचा काटा मात्र नवा घे, चांगला घे. दारूच्या मापांचं पुस्तकही नवंच. त्यात लिहिलंय त्याच्या वर एक कणही जायचं नाही. बाकीचं चकचकीत सामान दुकानातच राहू दे."

एवढ्यात मोरेश्वरांनी वाकून माझी मूठ दोनदा ओढली. दांड्याला बोट लावून पाहिलं.

"खेळ नाहीये दांड्यात, घट्ट बसलाय," ते लेकीला म्हणाले. "घे हा."

तिच्या नेमबाजीबद्दल त्यांच्या तोंडून निघालेला पहिला चांगला शब्द होता तो.

मग गराजमधल्या बाकावर मला चार बोल्टांनी बसवलं. मोरेश्वर व्हर्निअरने प्रत्येक पुंगळीची लांबी मोजून द्यायचे. दारू फक्त ऋग्वेदा तोलायची. एरवी जेवतानाही फारसं न बोलणारे हे दोघे माझ्यापुढे तासन्‌तास बोलत. ऋग्वेदाच्या आईच्या आजारपणाबद्दलही पहिल्यांदा बोलले. निशाणाच्या कागदावरची भोकं हळूहळू एकमेकांजवळ सरकू लागली.

चाचणी शनिवारी होती. गुरुवारी कामावरून आल्यावर ती पन्नास पुंगळ्या भरायला बसली. मध्येच प्रयोगशाळेतून फोन आला. दोन मिनिटं बोलून ती परत आली, उरलेल्या भरल्या आणि एकेकीवर गोळी दाबत गेली. पन्नास काडतुसं पूर्ण झाली तेव्हा मोरेश्वरांनी विचारलं, "फोन आला तेव्हा कुठवर आली होतीस?"

"बाबा, ढीगभर वेळा केलंय मी हे."

"ते नाही विचारलं मी."

तिने भरलेल्या काडतुसांवरून नजर फिरवली. सगळ्यांवर मूठ माझीच फिरली होती, पण आत किती दारू आहे ते मला कळत नाही.

"परवा चाचणी आहे," ती कशीबशी म्हणाली. डोळे भरून आले होते. "आता सगळी उघडत बसू?"

"चाचणी पुढच्या वर्षीही होईल. मला तू घरी यायला हवी आहेस."

ती डोळे पुसून कामाला लागली. एकेक गोळी उपटायची, दारू तोलायची. सतराव्या पुंगळीत दारूच नव्हती. नुसत्या टोपीच्या जोरावर ती गोळी नळीतच अडकली असती, आणि मागून दुसरी सुटली असती तर बंदूक तिच्या गालाजवळ फुटली असती.

मग मोरेश्वर उठले आणि तिचा फोन स्वयंपाकघरात ठेवून आले.

शुक्रवारी रजा काढून तिने पन्नासच्या पन्नास काडतुसं पुन्हा भरली. शनिवारी सहावी आली. संघात पाच जणांना जागा. तिचं नाव राखीव म्हणून लागलं. संध्याकाळी येऊन तिने माझ्यासमोरच वडिलांना मिठी मारली.

मोरेश्वर आता सांगलीला परतलेत. त्यांच्या स्टुलावर रविवारी इशिता बसते, नुकताच परवाना मिळालेली क्लबमधली मुलगी. "ताई, सुरुवातीला काय काय घेऊ?" तिने विचारलं. ऋग्वेदाने उत्तराऐवजी तिला माझी मूठ ओढायला लावली. हात नवखा होता, पण घाईचा नव्हता. मला बरं वाटलं.

माझा रंग बराच उडालाय, पण अजून असे पुष्कळ हात शिकवून तयार करीन म्हणतो. तुमच्याकडे एकच मागणं आहे. ज्या दिवशी मन थाऱ्यावर नसेल, त्या दिवशी माझ्यापाशी येऊ नका. दार ओढून घ्या, बाहेर फिरून या. मी थांबेन. थांबायची मला चांगली सवय आहे.