शेपटीच्या चौकीवरची प्यादेमात

आधारने झुलालला प्याद्याने मात दिली. घोड्याने नाही, हत्तीने नाही, प्याद्याने. बुद्धिबळात हरणाऱ्याची याहून मोठी बेअब्रू नाही आणि जिंकणाऱ्याची याहून मोठी शान नाही. एवढं वाचून झालं असेल तर आता ते विसरून जावं, कारण असं काही घडलेलंच नाही. कालव्याच्या तारेवर कुणालाही विचारा. "कोणता डाव?" असं उत्तर येईल, आणि तेही शुद्ध मराठीत.

जे घडलं नाही, ते असं घडलं.

"आधार! ओ आधार! झोपी गया का भो?" टेलिफोनच्या चोंग्यातून झुलालचा आवाज आला.

"जागा शे. तुना राजा कसा मरस ते देखी ऱ्हायनू."

"मना राजा नही मरस. तो आंग धुवाले जायेल शे."

"कशानं आंग धुई तो?" मधल्या चौकीवरचा चुडामण मध्येच घुसला. "मना चौकीवर दीड फूट पाणी शे. झुलालभो, धरणवर बठीसन बठ्ठं पाणी तूच पेस का?"

"पेस ना! तुनासाठे चूळ भरीसन सोडस."

कालव्याच्या काठाने पाटबंधारे खात्याने टेलिफोनची एक तार टाकली होती. पहिली चौकी धरणावर, तिथे झुलाल. मधल्या चौकीवर चुडामण. आणि एरंडोलच्या पुढे, जिथे कालव्याचं पाणी लांबच्या पाहुण्यासारखं उशिरा आणि थोडंसंच यायचं, ती शेपटीची चौकी. तिथे पाणी सोडणारा पाटकरी आधार. एकाने हँडल फिरवलं की तिन्ही चौक्यांवर घंटी वाजायची आणि चोंगा उचलला की सगळ्यांना सगळं ऐकू यायचं. तार होती पाण्याची पातळी, म्हणजे गेज, कळवायला. पातळी कळवायला मिनिटही लागत नसे. उरलेला दिवस खात्याचाच होता, म्हणजे बुद्धिबळाचा.

तीन चौक्या, तीन पट. घरांना एक ते चौसष्ट नंबर दिलेले. खेळायचे आधार आणि झुलाल. चुडामण खेळत नसे, पण त्यानेही पट मांडलेला असायचा. दोन्ही बाजूंना सारखाच चुकीचा सल्ला देता यावा म्हणून.

याच डावात एकदा शाखाधिकारी साहेबांनी आपल्या कचेरीतला चोंगा उचलला आणि त्यांच्या कानावर पडलं, "मना घोडा बेचाळीसवर गया." कालवा एकतिसाव्या मैलालाच संपत होता. कालव्यावर घोडा कसा आला आणि तो हद्दीबाहेर का जाऊ दिला, याचा साहेबांनी लेखी खुलासा मागवला. "घोडा आमचा नाही," असं चुडामणने कळवलं. त्यावर परिपत्रक निघालं: मोकाट घोडा तात्काळ पकडून हजर करावा. मग तिघेही रोज इमानदारीने कळवू लागले, "आजही घोडा दिसून आला नाही." खरं म्हणजे तो घोडा आधारच्या उंटाने त्याच संध्याकाळी खाल्ला होता. पण उंटाचं नाव काढलं असतं तर दुसरं परिपत्रक निघालं असतं.

आधार चार वर्षांपूर्वी रावेरकडून बदलून आला होता. तिघांपैकी कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. पगार चौकीवर यायचा, पाणी चौकीवर यायचं, आणि दोस्ती तारेवरून. पहिल्याच दिवशी झुलालने विचारलं होतं, "कोठला रे तू?"

"रावेरकडना."

"मंग केळीवाला!"

तेव्हापासून तो केळीवाला. आधारच्या घराण्यात केळीचं एक झाडसुद्धा नव्हतं. त्याच्या बापाने जन्मभर लोकांची केळी ट्रकमध्ये भरली होती. आधारने दुरुस्ती केली नाही. थट्टेत का होईना, आपल्याला बसायला जागा मिळाली, असं त्याला वाटलं. पुढे कुणी काही विचारलं नाही. तारेला आडनाव लागत नव्हतं.

मागच्या पावसाळ्यात त्याला हिवताप झाला तेव्हा चुडामण दर तासाला घंटी मारायचा.

"केळीवाला, गेज कितलं?"

"एकशे तीन."

"धोक्यानी पातळी शे भो. वयनीले सांग, दरवाजे उघडा."

झुंबरबाई, आधारची बायको, तापाच्या घड्या बदलता बदलता पदराआड हसायची. ताप उतरेपर्यंत झुलालने डाव थांबवून ठेवला होता. तापलेल्या माणसाला हरवण्यात राम नाही, असं त्याचं म्हणणं. प्रत्यक्षात तो स्वतःच हरत होता. पण थांबवला, हे खरं.

आणि नियमही झुलालचाच. प्यादेमात दिसायला लागली की हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या घरी जायचं, उरलेल्या चाली समोरासमोर बसून खेळायच्या आणि जेवून यायचं. हा नियम करताना, हरणारा आपण असू हे झुलालच्या ध्यानात आलं नव्हतं. नियम करणाऱ्यांच्या ते सहसा येत नाही.

त्या थंडीत ती वेळ आली. चुडामण तारेवर किंचाळला, "प्यादं! झुलालभो, तुले प्यादं खाई ऱ्हायनं!"

झुलालने आपल्या पटावरची घरं बोटाने मोजली. मग असा हसला की चोंगा कानापासून लांब धरावा लागला. "केळीवाला, वयनीले सांग, वांगं असोदानंच पाहिजे. आनि भाकर कळनानी. राजा मरी ते मरो, पोट ते भरी!"

असोद्याची वांगी भरितासाठी नावाजलेली, आणि झुंबरबाईचं माहेरच असोद्याचं. तिने भावाकडून पिशवीभर वांगी मागवली आणि ज्वारी-उडीद दळून कळण्याचं पीठ केलं. ज्या दिवशी झुलाल आणि चुडामण येणार त्या सकाळी आधार चौकीच्या, म्हणजे घराच्याच, ओट्यावर बसून सोंगट्या पुसत होता. एकेका प्याद्याला तो असा घासत होता की जणू त्याचं लग्न आहे. झुंबरबाई आत झाडत होती. झाडता झाडता थांबली.

"मी काय म्हनस, फोटो काढी ठेवू का? आजना दिनपुरता."

समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. खाली फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती. खोली एकच, भिंत एकच.

"ऱ्हाऊ दे," आधार म्हणाला. "बाबासाहेब काय मधमा चाल सांगनार नहीत."

ती हसली नाही. "मी चालनं नही बोली ऱ्हायनू."

"माले समजनं." त्याने प्यादं खाली ठेवलं. "मना ताप मोजेल शे त्यासनी. चार वरीसना दोस्त शेतस. फोटो काढीसन दोस्त ठेवाना, मंग ते कशाना दोस्त?"

ती पुन्हा झाडू लागली. झाडून झालेलीच जागा.

दुपारी एका सायकलवर दोघे आले. तारेवर झुलालचा आवाज पैलवानाचा होता. प्रत्यक्षात मफलर गुंडाळलेला काटकुळा माणूस उतरला. आणि चिरक्या आवाजाचा चुडामण निघाला म्हशीएवढा. काटकुळ्याने म्हशीला डबलसीट आणलं होतं.

"तूच का तो केळीवाला?" झुलालने त्याला ओट्यावरच मिठी मारली. "आरे, तू ते मनापेक्षा बी कायाकुट्ट शे! पाणी दे भो पयले, घसा सुकी गया. ह्या रेड्याले ओढीसन लयनू."

"मी उतरी जास म्हने तर आयके नही," चुडामण म्हणाला. "म्हने, राजानी सवारी शे, हत्ती पाहिजे."

तिघेही हसत हसत आत आले. मध्ये पट मांडलेला होता. भरिताला मिरचीचा खमंग वास सुटला होता. झुंबरबाईने पाण्याचे दोन पेले आणले. चुडामणने लगेच एक उचलला. झुलालने हात पुढे केला, पटाकडे पाहिलं, मग वर भिंतीकडे पाहिलं.

हात पेल्यापासून वीतभर अंतरावर थांबला. मग तो मफलर सारखा करायला गेला.

"मना आज उपास शे," झुलाल म्हणाला.

चुडामणने त्याच्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे. हातातला पेला तोंडापर्यंत जाईना आणि खालीही येईना. "मना बी," तो म्हणाला.

"कसाना उपास?" झुंबरबाईने विचारलं.

"बुधवारना."

"मंग शाबुदाना टाकस. आत्ते व्हई."

"निर्जळी शे वयनी," झुलाल म्हणाला. घसा खरोखरच सुकला होता. बोलताना आवाज फाटला.

बुधवारचा निर्जळी उपास त्या जिल्ह्यात तोवर कुणी ऐकलेला नव्हता. एकाच सायकलवरून आलेल्या दोघांना तो एकाच क्षणी लागला. चमत्कार म्हणावा असाच प्रकार. आधारला चमत्कारांची सवय होती. त्याने पट पुढे सरकवला.

"खेळ ना भो. राजाले एकच घर शे. कोपरामा जाय. मंग मी प्यादं सरकावस, का झाया डाव."

झुलालचे दोन्ही हात गुडघ्यांत होते. पटावरच्या सोंगट्या सकाळपासून आधारच्या हातात होत्या. त्या कशा चकाकत होत्या ते झुलाल बघत होता.

"तारवर सांगस," तो म्हणाला.

"नियम तुनाच शे. समोरासमोर."

"नियम गंमतना व्हता."

ते उठले. चुडामणच्या हातात पेला तसाच होता. ठेवायचा कुठे, हे त्याला कळेना. एवढा मोठा देह, पण एक पेला त्याला पेलवत नव्हता. शेवटी त्याने तो ओट्याच्या कडेला ठेवला, एक थेंबही सांडू नये इतक्या जपून. सायकल गेली. चढावरही चुडामण उतरला नाही, की झुलालने उतर म्हटलं नाही.

झुंबरबाई भरलेल्या पेल्याकडे बघत उभी राहिली. "घसा सुकेल व्हता त्यासना," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आधारने हँडल फिरवलं.

"झुलालभो, चाल सांग."

"पाणी पातळी तीन फूट दोन इंच. नोंद घ्यावी."

"भो..."

"तुम्ही फक्त कामाचं बोला."

चार वर्षांत झुलालने त्याला गाढव म्हटलं होतं, डोमकावळा म्हटलं होतं, केळीवाला तर रोजच. 'तुम्ही' पहिल्यांदाच म्हटलं. आधारने चोंगा ठेवला आणि पाण्याची नोंद घेतली. पातळी बरोबर होती.

काही दिवसांनी घंटी वाजली ती त्याच्यासाठी नव्हती. पण घंटी सगळ्यांकडे वाजते. त्याने चोंगा उचलला तेव्हा कधीच न खेळणारा चुडामण सांगत होता, "मना उंट तेहतीसवर..." तेवढ्यात आधारच्या चोंग्याचं खट्ट त्या दोघांना ऐकू गेलं.

"हां, तर पाटचारीचं पाणी," झुलाल घाईने म्हणाला.

"बरोबर. गळती किती धरावी?" चुडामण म्हणाला.

त्या हंगामात आधारने जेव्हा जेव्हा चोंगा उचलला, तेव्हा तेव्हा तारेवर पाण्याचीच चर्चा निघाली. कालव्याचा कारभार इतका चोख कधीच नव्हता. साहेबांनी तिघांचंही कौतुक केलं.

एकदाच चुडामण तारेवर एकटा सापडला. आधी नुसता श्वास ऐकू आला. मोठ्या माणसाचा मोठा श्वास.

"चुडामणभो?"

"गेज दीड फूट शे," चुडामण म्हणाला. मग हळूच, "ताप ते नही ना वना पुन्हा?" आणि आधार उत्तर देण्याआधी त्याने चोंगा ठेवला.

शेपटीच्या चौकीवरचा पट कुणी उचलला नाही. झुंबरबाई त्याच्या कडेने झाडायची. राजावर धूळ बसली की आधार ती पुसायचा. समोरच्याचा राजा होता, पण घरात आलेला होता.

पुढच्या वर्षी चौक्यांवर बिनतारी यंत्रं यायची ठरली आणि तार काढायचा हुकूम निघाला. तारेवरून चालणारी काही कामं प्रलंबित असल्यास पाटकऱ्यांनी कळवावीत, असंही त्यात होतं. आधारने चौकीची दौत काढली आणि खात्याला शोभेल अशा मराठीत लिहिलं:

"मा. शाखाधिकारी साहेब यांचे सेवेशी, अर्जदार आधार, पाटकरी, शेपटीची चौकी. संदर्भ: मोकाट घोड्याबाबतचे आपले परिपत्रक. उपरोक्त घोडा ज्या डावात होता, तो डाव अद्याप पूर्ण झालेला नाही. धरण चौकीचे श्री. झुलाल यांच्याकडे एक चाल प्रलंबित आहे. त्यांच्या राजास एकच घर मोकळे असल्याने विचारविनिमयासाठी मुदत लागण्याचे कारण दिसत नाही. सबब, तार काढण्यापूर्वी त्यांनी सदर चाल समक्ष येऊन द्यावी असे आदेश व्हावेत. चाल मिळताच माझ्याकडील प्याद्याची कार्यवाही त्याच दिवशी करण्यात येईल. अर्जदाराच्या घरचे पाणी पिण्याची सक्ती राहणार नाही. पेला मात्र भरून ठेवण्यात येईल. तरी मंजुरी मिळावी, ही विनंती."