सिंधूबाईंच्या हातची लापशी

"तुमचं काय म्हणणं?" असं सोजरबाईला कुणी विचारलं, ते चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा. तोवर तिला जो तो सांगतच आलेला. हे उचल, तिकडं सरक, खडी बारीक फोड, पाटी लवकर भर. विचारलं कुणी नव्हतं. त्यामुळं बालवाडीच्या सिंधूबाईंनी पहिल्याच दिवशी तिला उंबऱ्यावर शेजारी बसवलं आणि म्हटलं, "सोजरबाई, पोरांना खायला काय करावं? तुमचं काय म्हणणं?" तेव्हा ही बया मागं वळून बघायला लागली, की बाई बोलतायत तरी कुणाशी!

गाव न्हावऱ्याच्या पलीकडचं. नाव सांगत नाही, उगाच कुणाच्या जिव्हारी लागायचं. बहात्तरच्या दुष्काळाचे चटके अजून ताजे होते. सडकेच्या कामावर खडी फोडून फोडून सोजरबाईचे तळहात खरबरीत झालेले. नवरा आधीच गेलेला. अशात सोसायटीच्या जुन्या गोदामात बालवाडी निघाली. शिकवायला सरपंच बबनराव पाटलांची धाकटी सून, सिंधूबाई. मॅट्रिक झालेली, हसतमुख, आवाज असा गोड की रडतं पोर गप व्हावं. आणि चुलीवरच्या कामाला बौद्धवाडीतली सोजरबाई. तिला नेमलं शिरूरच्या मोठ्या बाईंनी. तालुक्यातल्या बालवाड्यांवर देखरेख करायचं काम त्यांचं. दोघींना समोर बसवून त्यांनी बजावलं होतं, "एकमेकींना मान द्यायचा. आधी बोलायचं, मग कामाला लागायचं. मनात काही ठेवायचं नाही."

सिंधूबाईंनी ते अगदी मनावर घेतलं, हे कबूल केलं पाहिजे. रोज सकाळी कुलूप काढलं की दोघी उंबऱ्यावर बसायच्या. आज गाणं कुठलं, कुणाचं पोर आजारी, लापशीत गूळ किती. सोजरबाई आधी लाजायची, मग बोलायला लागली, आणि पुढं पुढं तर भांडायलाही लागली. "आमच्या वाडीची पोरं येगळी बसवू नका, बाई. एकाच रांगंत बसवा," असं ती एकदा ठणकावून बोलली. सिंधूबाई म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं." आणि दुसऱ्या दिवसापासून पोरं एका रांगेत बसली. बबनरावांची नातवंडं आणि वाडीची पोरं, मांडीला मांडी लावून. त्या दिवशी सोजरबाई घरी गेली ती जवळजवळ नाचतच.

आणि बाई मायाळू तरी किती! चूल मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. लापशी झाली की सोजरबाई पातेलं उचलायला वाकायची, तोच सिंधूबाई पदर खोचून हजर. "तुम्ही नका उचलू. तुमची कंबर दुखते ना? आणा इकडं." स्वतः पातेलं आत न्यायच्या, स्वतः वाढायच्या. पोरांच्या डोळ्यांत धूर जातो म्हणून मधलं दारही आठवणीनं लावून घ्यायच्या. सरपंचाची सून आपल्या कमरेची काळजी करते, म्हणून सोजरबाईला तिच्यावरून जीव ओवाळून टाकावासा वाटायचा.

सोजरबाईचा धाकटा भाऊ भिमाजी दौंडला रेल्वेत गँगमन होता. तो सुट्टीला आला की एकच धोशा लावायचा. "आक्का, चल दौंडाला. क्वार्टर हाय, पोटापुरतं काम बी मिळंल. हितं काय ठिवलंय?"

"हितं?" सोजरबाई फुशारून म्हणायची. "हितं सरपंचाची नातवंडं माज्या हातचं खात्यात. रोज. गाव बदाललंय, भिमा."

भिमाजी मोठ्यानं हसायचा. "गावानं तुज्या हातचं खाल्लं? कवा? मला बी दाव की!"

"बाईंना इचार मग!"

भिमाजी काही विचारायला गेला नाही. सोजरबाईला मात्र त्याचं हसणं झोंबायचं. दौंडला ती गेली नाही ती याच एका गोष्टीपायी. पगाराचं सोडा हो, तो असा कितीसा होता! पण ज्या गावात तिच्या आईला पाणीसुद्धा वरून ओतून मिळायचं, त्या गावाची पोरं तिच्या हातचं खाऊन बाळसं धरत होती. हे सोडून कोण जाईल?

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर शिरूरच्या मोठ्या बाईंनी निरोप धाडला. बालवाडी बघायला येतेय, आयांना बोलवा, त्यांनाही लापशी खायला घाला. सोजरबाईनं मोठं पातेलं चढवलं. रवा खमंग भाजला, गूळ हात सैल सोडून घातला, आणि घरून आणलेली वेलची हळूच कुटून टाकली. वास असा सुटला की गोदामापुढून जाणारा माणूस थबकावा.

पंधरा-वीस बाया जमल्या. मोठ्या बाई खुर्चीवर, बाकी सगळ्या सतरंजीवर. आज मधलं दार उघडं होतं, कारण मोठ्या बाईंनीच हाक मारली, "सोजरबाई, तुम्हीपण या की इकडं." सोजरबाई हात पुसत आली आणि दाराशी उभी राहिली. मोठ्या बाई सगळ्यांना म्हणाल्या, "दोघींनी मिळून काम कसं करावं, हे या गावानं बघावं. सिंधूबाई, सांगा जरा."

सिंधूबाई बोलल्या, छानच बोलल्या. आम्ही रोज सकाळी बसतो, सगळं एकमेकींना विचारतो, काही लपवत नाही. सोजरबाईचा ऊर भरून आला. पदरानं डोळे टिपायची वेळ आली तिच्यावर.

मग ताटल्या फिरल्या. सिंधूबाईंनी वाढलं, बायांनी खाल्लं. आणि विठाबाई, जिचं शेत सडकेला लागून होतं आणि जिचा नातू बालवाडीत होता, ती बोटं चाटत म्हणाली, "काय चव हाय वं सिंधूबाईंच्या हाताला! येवढ्या पाटलाच्या घरची सून, पर पाटचं उठून समद्या पोरांसाठनं रांधती. आमी घरी बी म्हंतो, पोर येवढं आवडीनं खातंय त्ये बाईंच्या हातामुळं."

"आन् सोजरी भांडी लख्ख घासती हां," दुसरी एक म्हणाली. "त्यात नाव ठिवायला जागा न्हाई."

सोजरबाईला आधी हसूच आलं. म्हटलं, या बायांना माहीतच नाही वाटतं! आता बाई सांगतील. तिनं सिंधूबाईंकडं बघितलं. सिंधूबाई सतरंजीचा दोरा ओढत होत्या. मान वर झाली नाही.

आणि मग, बाई पातेलं का उचलू द्यायच्या नाहीत, ते सोजरबाईला कळलं. दार का लावायच्या, तेही कळलं. धूर कुठला आणि कंबर कुठली! दोन वर्षं रोज सकाळी शेजारी बसून हिनं सगळं सगळं विचारलं, आणि गावाला काय सांगितलंय, तेवढं मात्र सांगितलं नाही.

"बाई," सोजरबाई म्हणाली. "लापशी मी करती. आजची बी मीच केली. पयल्या दिसापासनं मीच करती."

मग विठाबाईनं ताटली खाली आदळली. मांडीवरच्या नातवाच्या तोंडात बोट घातलं. "थुक. थुक आधी! थुक म्हंती ना!" पोर घास गिळायच्या बेतात होतं, ते भोकाड पसरून रडायला लागलं. बाकीच्याही ताटल्या खाली आल्या. कुणी पदर तोंडाला लावला. एकीनं तर उठून दाराबाहेर जाऊन चूळ भरली. सोजरबाई सगळं बघत उभी राहिली. आपण जिवंत आहोत हेच तिला खोटं वाटत होतं.

"व्हय वं सिंधूबाई?" विठाबाईनं विचारलं. "खरं हाय हे?"

सगळ्यांच्या माना सिंधूबाईंकडं वळल्या. सोजरबाईची पण. तिच्या डोळ्यांत अजून आशा होती, वेडी बाई! तिला वाटलं, गाठ पडली आहे तर आता ही सोडवेल. ही विचारते, ही ऐकते, ही मला मान देते.

सिंधूबाईंनी सतरंजीचा दोरा सोडला. मग आपल्या त्याच गोड आवाजात म्हणाल्या, "अहो, त्या चुलीपाशी जाळ घालतात, म्हणून तसं म्हणतायत. रांधते मीच. सोजरबाई, असं भलतं बोलू नये हो."

अहो-जाहो करून खोटं बोलली! एकेरीवर येऊन शिवी दिली असती तर सोजरबाईला सोसली असती. खडीच्या कामावर मुकादमाच्या शिव्या काय कमी खाल्ल्या होत्या? पण या 'हो'नं तिचा केसानं गळा कापला.

उरल्या मोठ्या बाई. सोजरबाईला चुलीवर नेमलं त्यांनी स्वतः. सोजरबाईनं हात जोडून त्यांच्याकडं बघितलं. मोठ्या बाईंनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा रडणाऱ्या पोराकडं, एकदा खाली ठेवलेल्या ताटल्यांकडं, आणि घड्याळाची किल्ली फिरवत म्हणाल्या, "असू द्या, असू द्या. दोघींचंच काम आहे ते. खा तुम्ही, गार होतंय."

आणि बाया खायला लागल्या. विठाबाईनं ताटली उचलून पुन्हा मांडीवर घेतली. पोराला भरवलं. "वाढा की आजून वाईच," ती म्हणाली, आणि सिंधूबाईंनी वाढलं. लापशी तीच, पातेलं तेच. सोजरबाई मागच्या शेडमधून बाहेर पडली, ती चूल तशीच पेटती ठेवून.

दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी सिंधूबाई बौद्धवाडीत आल्या. वाडीतली माणसं कामावर गेलेली. सोजरबाई दारात शेंगा फोडत बसली होती. सिंधूबाई अंगणाच्या कडेलाच उभ्या राहिल्या. डोळे सुजलेले होते, खोटं कशाला बोला.

"या ना सोजरबाई," त्या म्हणाल्या. "लापशी करपली दोन्ही दिवस. पोरं खाईनात. आणि तुमच्याशिवाय मला करमत नाही, शप्पथ."

सोजरबाई शेंगा फोडत राहिली.

"मी तुमच्यासाठीच केलं हो," सिंधूबाई रडवेल्या झाल्या. "पहिल्याच आठवड्यात मामंजी म्हणाले, तिच्या हातचं असेल तर एक पोर येणार नाही. बालवाडी बंद पडली असती. तुमची नोकरी गेली असती. वाडीची पोरं उपाशी राहिली असती. मी काय करायला पाहिजे होतं? तुम्हीच सांगा."

"मला सांगायचं व्हतं," सोजरबाई म्हणाली. "गूळ किती घालू ते इचारत व्हता. हे बी इचारायचं. 'सोजरबाई, गावाफुडं तुमचं नाव झाकून ठिवू का?' येवढंच. मी व्हय म्हनले असते का न्हाई, त्ये मी बगितलं असतं. लेकरांसाठी म्हनले बी असते कदाचित. पर माजं म्या ठरवलं असतं. तुमी मला मान दिला न्हाई, बाई. मान दिल्याचं सोंग केलं."

सिंधूबाई हुंदका देत म्हणाल्या, "चुकले मी. सांगेन सगळ्यांना. हळूहळू सांगेन."

"हळूहळू कशापायी?" सोजरबाई उठली. समोरच्या सडकेनं विठाबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती. "ती बगा विठाबाई. हितनं हाक मारा. 'लापशी सोजरबाई करत व्हती' येवढं म्हना. बास. म्या आत्ता तुमच्यासंगट येती. गावानं मंग पोरं धाडू द्या न्हाईतर न धाडू द्या."

सिंधूबाईंनी सोजरबाईकडं बघितलं. सडकेकडं बघितलं. पदर डोक्यावर सारखा केला. सोजरबाईचं बोट अजून सडकेकडंच होतं. इतकं होऊनसुद्धा, देवाशपथ सांगतो, तिला वाटत होतं की ही बोलेल.

"विठाबाई!" सिंधूबाईंनी हाक मारली.

विठाबाई थांबली. भारा सावरत वळली. "काय वं? तुमी हिकडं कुठं?"

सिंधूबाईंचे ओठ हलले. एकदा मिटले, पुन्हा उघडले.

"उद्या नातवाला जरा लवकर पाठवा," त्या म्हणाल्या. "नवीन गाणं शिकवायचंय."

"बरं, बरं," म्हणत विठाबाई निघून गेली.

सिंधूबाई तिथंच उभ्या होत्या, सोजरबाईकडं पाठ करून. वळायची त्यांची छाती होईना. सोजरबाईनं शेंगांचं सूप उचललं.

"जावा बाई," ती म्हणाली. "कुनी बगंल."